दिगूचं गाणं

काल दुपारी नांदेडला गारा पडल्या. फार मोठ्या नव्हत्या, हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या असतील. आमच्या लॅबपुढच्या पत्र्यावर दहाएक मिनिटं तडतडल्या आणि थांबल्या. नायगावकडची एक बाई रक्त द्यायला खुर्चीत बसली होती. ती बाही वर केलेली तशीच उठून दारात गेली आणि म्हणाली, "अगं बया, किती ग्वाड दिसून राहिल्यात!" बाकीचे पेशंट मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. मी सुई हातात धरून तिथंच उभी. रोज तीस-चाळीस माणसांच्या दंडात सुई खुपसणारी बाई मी, रक्ताला भीत नाही. पण गारा पडायला लागल्या की मला दाराकडं जाता येत नाही आणि भिंतीशी थांबताही येत नाही. खोलीच्या बरोबर मधोमध उभी राहते. कालही राहिले.

गारा थांबल्यावर एक वास येतो. मातीच्या वासाचं आपल्याकडं एवढं कौतुक झालंय की या वासाकडं कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. ठेचलेला कडुलिंबाचा पाला, फुटलेल्या कैऱ्यांचा चीक, भिजलेलं शेण आणि गंजक्या पत्र्याची ओल. मार खाल्लेल्या झाडांचा वास आहे तो. तो आला की मी पुन्हा सतरा वर्षांची होते, उजवं मनगट ठणकायला लागतं आणि लातूरच्या त्या गल्लीतला हातोडा ऐकू येतो. हिवाळा सरता सरता आमच्या मराठवाड्यात दोन गोष्टी हमखास येतात, बारावीची परीक्षा आणि गारपीट. त्या वर्षी दोघींनी मला एकाच आठवड्यात गाठलं.

येत्या रविवारी लातूरला माझा कार्यक्रम आहे. दीड तास, एकटी, गिटार घेऊन, स्वतः लिहिलेली गाणी. आयुष्यातला पहिलाच. पत्रिकेवर 'उगवती गायिका-गीतकार' असं छापलंय. चाळिशी उलटल्यावर उगवले, हरकत नाही. कार्यक्रम ठरवणारे एक इंजिनिअर आहेत, ते फोनवर म्हणाले, "ताई, तुम्ही जे करता ना, त्याला अमेरिकाना म्हणतात. तिकडच्या खेड्यापाड्यांतली गाणी. माती, वारा, स्वतःचं दुःख, असं."

मी म्हटलं, "अहो, हे तेरणेकाठचं आहे. यात अमेरिकेचं असलंच तर गिटारीचं लाकूड असेल."

ते हसले आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. निसर्गाकडून प्रेरणा कशी घेता? मला या प्रश्नाचा राग येतो. ज्यांच्या खिडकीतून डोंगर दिसतो त्यांनी खुशाल प्रेरणा घ्यावी. आमच्याकडच्या निसर्गानं मला प्रेरणा वगैरे दिली नाही, त्यानं मला हाणलंय. एकदा खालून, एकदा वरून. उरलेल्या वेळात ऊन. त्याच्यावर गाणी लिहिते ती दुसरीकडं कुठं तक्रार करता येत नाही म्हणून. हे सगळं मी फोनवर बोलले नाही. "पाहू या," म्हणून फोन ठेवला.

रविवारच्या यादीत अकरा गाणी आहेत. दहा पक्की आहेत. अकरावं दिगूचं. दिगू माझा थोरला भाऊ. भूकंपात गेला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि मी नऊची. ते गाणं मी आजवर माझ्या स्वयंपाकघराबाहेर म्हटलेलं नाही, कारण मायनं बजावलंय. भूकंपापासून आमच्या घरात दिगूचं नाव निघत नाही. त्याचा फोटो नाही. पितरांना पान वाढतानाही माय नाव घेत नाही, नुसतं पाणी सोडते. काही वर्षांपूर्वी गावी भाकरी थापता थापता नकळत त्या गाण्याची ओळ माझ्या तोंडून गेली, तर तिनं भरलेला तांब्या फेकून मारला. डाव्या भुवईत अजून खूण आहे. "त्याचं नाव गान्यात घेतलंस तर माझ्या मयताला येऊ नको," म्हणाली.

ते माझं सगळ्यात चांगलं गाणं आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्या चोरून ते म्हणायचं नाही, हेही मी ठरवलंय. म्हणजे शनिवारी गावी जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं. लोकांना वाटतं कलावंताला स्टेजची भीती असते. मला स्टेजची नाही, मला मायची आहे.

गिटारीची गोष्ट सांगितली की ती रचलेली वाटते, पण सांगते. भूकंपानंतर गावात मदतीचे ट्रक यायचे. आत काय असेल ते देव जाणे. गहू यायचा, औषधं यायची, तसेच लोकरीचे कोट, टाय, उंच टाचांचे बूटही यायचे. दसऱ्याच्या उन्हात गावातली म्हातारी माणसं लोकरीचे कोट घालून सरकारी पत्र्याच्या शेडपुढं बसलेली मी पाहिलीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा ताडपत्रीच्या रांगेत उभे होते. त्यांचा नंबर आला आणि ताडपत्र्या संपल्या. रांगेतला माणूस रिकाम्या हातानं परत पाठवायचा नाही असा काही हुकूम असावा. वाटप करणाऱ्यानं ट्रकात वाकून एक काळी लांबोडकी पेटी ओढून काढली आणि अण्णांच्या हातात ठेवली. अण्णांनी सही केली. शेडमध्ये आणून उघडली तर आत गिटार, सहापैकी चार तारा शाबूत. माय त्या दिवसांत बोलतच नव्हती, पण गिटार बघून एक वाक्य बोलली. "हिच्याखाली पानी थांबतं का?"

पेटीच्या कप्प्यात एक कॅसेट होती. शेजारच्या शेडमधल्या टेपवर ती लावली तर एक परदेशी बाई गात होती. आवाज घोगरा, जरा चिरकलेला. गोड गायची तिनं कसलीच खटपट केलेली नव्हती. शब्द एक कळत नव्हता. पण ही बाई कशावर तरी चिडलेली आहे आणि ती राहते तिथं धूळ आहे, एवढं मला नवव्या वर्षी नक्की कळलं. आमच्या भोवती तेव्हा धुळीशिवाय दुसरं होतं तरी काय? कॅसेट तुटेपर्यंत मी ती ऐकली.

आठ वर्षांनी अण्णांनी मला लातूरला आणून टाकलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. एसटी स्टँडवर उतरलं की भिंतीभर गुणवंतांचे फोटो, सगळे एकाच स्टुडिओत काढल्यासारखे घाबरलेले. देवणीपासून देगलूरपर्यंतच्या घरांतली हुशार लेकरं उचलून तिथं आणली जायची. हुशार नसलेलीही आणली जायची. आमच्या क्लासचे सर चुकलेल्या उत्तराला बोटांच्या पेरांवर स्टीलची पट्टी मारायचे, तीही आडवी नव्हे, धारेनं. त्यांचा राग कुणालाच यायचा नाही. उलट आईबाप कौतुकानं सांगायचे, "सर लई मारतेत, निकाल येनारच." मार खाल्ला म्हणजे शिकलो, हा आमच्याकडचा सरळ हिशेब. मलाही तेव्हा तो खराच वाटायचा.

माझी खोली करीमचाचांच्या आवारात होती. करीमचाचा पत्र्याच्या पेट्या करायचे. त्यांच्या आजोबांपासून घरात पत्र्याचंच काम, डबे, बादल्या, कंदील. प्लॅस्टिक आलं आणि धंदा बसला होता. मग भूकंप झाला, शेडांसाठी पत्रा कापायला माणसं पुरेनात. ते काम ओसरतंय तोवर क्लास आले आणि क्लासला आलेल्या प्रत्येक लेकराला कुलपाची पेटी लागायला लागली. चाचा हातोडा थांबवून म्हणायचे, "जमीन हलली तवा पत्रा कापला. आता गावंच्या गावं हलून राहिली तर पेट्या करून राहिलो. अल्ला मला दुसऱ्याच्या हलन्यावर पोसून राहिला, बेटी. शरम वाटती कधी कधी." हे बोलून पुन्हा ठोकायला लागायचे. तीन हलके ठोके आणि एक जोराचा. तीन हलके, एक जोराचा. रक्ताभिसरण, उत्सर्जन, मेंडेलचे वाटाणे, सगळं मी त्या तालावर पाठ केलं. अजूनही मेंडेल म्हटलं की मान आपोआप चौथ्या ठोक्याला हलते.

परीक्षेच्या महिन्यात लातुरात आया उतरायच्या. लेकरांना घरचं जेवण मिळावं म्हणून गावाकडून स्टोव्ह, पीठ, लोणचं घेऊन यायच्या आणि दहा बाय दहाच्या खोलीत महिनाभर राहायच्या. माझी मायही आली. येताना तिनं पीठ आणलं, तूप आणलं आणि सात स्टीलचे पेले आणले.

पेल्यांचं सांगायला हवं. भूकंपानंतर आमच्या भागातल्या बायकांनी एक युक्ती काढली होती. घराच्या कोपऱ्यात एकावर एक भांडी रचून ठेवायची, उपडा पेला, त्यावर सुलटा, त्यावर उपडा. जमीन जरा हलली की ती चळत कोसळते, आवाज होतो, आणि झोपेत असाल की जेवत असाल, उठून मोकळ्यावर पळायचं. विचार करायचा नाही, वस्तू घ्यायची नाही, पळायचं. लहान लेकरांना चालायला शिकवण्याआधी हे शिकवलं जायचं. मायनं लातूरच्या खोलीत पहिल्या दिवशी चळत रचली आणि चाचांच्या चौथ्या ठोक्याला ती पडली. आम्ही दोघी अंगणात. चाचा हातोडा हातात धरून आमच्याकडं बघत राहिले. त्या सकाळी असं तीनदा झालं. शेवटी चाचांची बायको, बिल्किसखाला, हिनं मार्ग काढला. गोधडीची चौपदरी घडी घालून त्यावर पेले ठेवायला सांगितले. मग हातोड्यानं चळत नुसती थरथरायची, पडायची नाही. माय समाधानानं म्हणाली, "आता पडली तर खरंच पडली."

फिजिक्स झालं, केमिस्ट्री झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायोलॉजी. दुपारचे चार वाजले असतील. मी मोठ्यानं वाचत होते, माय डाळ निवडत होती, अंगणातल्या छपरीत चाचा एक भलीमोठी पेटी पुरी करत होते. गाद्या ठेवायची, लग्नात द्यायची असते तसली. आभाळ पिवळं पडलं. वारा आला, त्यानं दोरीवरचे कपडे नेले. मग पत्र्यावर पहिला धोंडा पडला, दुसरा पडला आणि एकदम सगळेच पडायला लागले. पत्र्याच्या खोलीत गारांचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगता येत नाही. माझ्याच तोंडातून निघणारे शब्द मला ऐकू येईनात. खोली हलायला लागली. आणि गोधडीवरची चळत पडली.

इथं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसांकडून झालं नसतं. आम्हाला गारा दिसत होत्या. दारातून अंगण पांढरं होताना दिसत होतं. तरी चळत पडली, आणि मायनं माझी वेणी धरली आणि आम्ही दोघी घर सोडून बाहेर मोकळ्यावर पळालो. मला तिनं ओढलं असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आले. खोटं आहे. माझे पाय तिच्याआधी उठले होते.

अंगणाच्या मध्यावर पोचेपर्यंत लिंबाएवढ्या गारा होत्या, मग अंड्याएवढ्या झाल्या. मी डोक्यावर हात धरला आणि एक धोंडा उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या गदारोळातही मला ऐकू आला. मायनं मला खाली पाडलं आणि माझ्यावर पालथी पडली. दारातून खाला ओरडत होती, "अगे अंदर आव! मर जातीं दोनो! अंदर आव!" आणि माय माझ्यावर पडल्या पडल्या तिला ओरडत होती, "भाईर या! समदे भाईर या! घर पडतंय!" दोघी एकमेकींना जीव तोडून बोलावत होत्या, एक आत, एक बाहेर. आज हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा मायच्या पाठीवर पडणारा प्रत्येक धोंडा तिच्या हाडांतून मला लागत होता.

माय उठेना. मग चाचांनी ती लग्नाची पेटी डोक्यावर उपडी घेतली, धावत आले आणि आमच्या दोघींवर टाकली. परत पळताना त्यांचं कपाळ फुटलं. आत अंधार, नव्या पत्र्याचा आणि तेलाचा वास, वरून मार. मायच्या डोक्यातलं रक्त माझ्या मानेवर गळत होतं, गरम. ती माझ्या कानात सारखं म्हणत होती, "सोडत न्हाई. सोडत न्हाई तुला." मला तिथं एखादी चाल सुचली असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मला मायचा राग आला, एवढा की मी तिच्या दंडाला चावले. मी मनात म्हणत होते, मेलीस तरी चालेल पण माझा हात सोड, मला उद्या पेपर आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पेटी उचलली तेव्हा गुडघाभर गारा आणि त्यांत मेलेले पोपट. अंगणातल्या कडुलिंबावर पान नव्हतं. खालाची शेळी छपरीबाहेर खुंट्याला बांधलेली होती, ती दाव्यालाच मरून पडली होती. सोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. खाला तिच्याशेजारी बसून रडली आणि मग उठून मायच्या डोक्याला हळद लावायला आली. मायच्या डोक्याला अकरा टाके पडले. पाठ महिनाभर काळीनिळी होती, पालथं झोपायची.

बायोलॉजीचा पेपर मी डाव्या हातानं लिहिला. काय लिहिलं ते मलाच वाचता येत नव्हतं. डॉक्टर व्हायचं तिथंच संपलं. माय चुकलं असं कधीच म्हणाली नाही. मी रडायला लागले की म्हणायची, "जित्ती हाईस न्हवं?" या एका वाक्यासाठी मी तिच्याशी दोन वर्षं धड बोलले नाही. जिवंत असणं एवढ्यावर माणसानं किती दिवस खूश राहायचं?

गिटार माझ्याबरोबर लातूरला आली होती. खाटेखाली पडून असायची. प्लॅस्टरमधल्या हातानं तारा छेडता येईनात, बोटं बाहेर होती पण वळत नव्हती. डावा हात मात्र मोकळा. रागारागानं मी प्लॅस्टरच्या कडेनं तारा बडवायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्या बडवण्याला आपोआप शिस्त आली, तीन हलके आणि एक जोराचा. बाहेरून चाचा ओरडले, "अरे, ये तो मेरा हातोडा हय!" आणि कपाळाची पट्टी सावरत दारात येऊन बसले. आता लोक विचारतात, ही वाजवायची पद्धत कुठं शिकलात? प्लॅस्टर सहा आठवड्यांत निघालं, पद्धत राहिली. पहिलं गाणं मी खालाच्या शेळीवर केलं.

*दाव्याला शेळी, वर गारांचं आभाळ,*
*गाठ कुणी सोडंना, गाठ कुणी सोडंना.*

खालानं ते ऐकून मला पोटाशी धरलं. तेव्हापासून मी गाणी लिहिते. लॅबमधून घरी आले की, रविवारी, बसमध्ये. वाळलेल्या बोअरवर लिहिलं, तुरीच्या फुलोऱ्यात पडलेल्या धुक्यावर लिहिलं, मोडलेल्या लग्नावर लिहिलं. दिगूवर लिहायला मात्र वीस वर्षं लागली. आणि लिहिलं तेव्हा ते अंगाईसारखं झालं, माझ्या इतर गाण्यांसारखं चिडलेलं नाही.

*दिगू झोपला, हळू बोला,*
*माती पांघरून दिगू झोपला.*

भूकंपात गेलेल्या लेकरांबद्दल आमच्याकडं एकच वाक्य बोललं जातं. झोपेतच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. भेटायला आलेले पाहुणे ते बोलायचे, सरकारी माणसं बोलायची, अण्णा मरेपर्यंत तेच बोलले. मी त्या वाक्यावर वाढले. माझं गाणं त्याच वाक्याचं आहे.

इथवर लिहून ठेवलं आणि शनिवारी सकाळच्या एसटीनं गावी गेले. नव्या गावठाणात आमचं पक्कं घर आहे, त्यात कडबा आणि पोती असतात. माय शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहते, अजूनही. तिथंही परवा गारा झाल्या होत्या. काढणीला आलेला हरभरा झोडपून चिखलात पडला होता, आणि माय दारात बसून चिखलाच्या डहाळ्यांतून घाटे वेचत होती. मी गिटार भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि तिच्यासोबत वेचायला बसले. बोटं चिखलानं आंबली. अर्धे घाटे फुटलेले, दाणे हिरवे काळे.

"काय मागायला आलीस?" तिनं मान वर न करता विचारलं.

"उद्या लातूरला गाणं आहे माझं. त्यात दिगूचं म्हणायचंय." नाव घेतलं आणि मी थांबले. तिचे हात चालूच होते. "तू नको म्हणालीस तर नाही म्हणणार. पण एकदा पुरतं ऐक. मग काय मारायचं ते मार."

तिनं घाट्यांचं सूप मांडीवर ओढलं. मी हात धुतले, गिटार घेतली आणि म्हणायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात म्हणते तसं, खालच्या आवाजात. दिगू झोपला, हळू बोला. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा मायनं सूप खाली ठेवलं.

"खोटं हाय ते."

"काय खोटं?"

"झोपला न्हवता त्यो."

मी तारांवर हात ठेवून आवाज बंद केला.

"जागा व्हता," ती म्हणाली. चिखलाकडं बघून बोलत होती, शेतातलं काम सांगावं तशा आवाजात. "गनपतीच्या इसर्जनाहून आला, भूक लागली म्हनला. म्या भाकर दिली. खाऊन आडवा झाला अन् हाललं. तुझा अण्णा परगावी व्हता, तू झोपंत माझ्या हाताशी व्हतीस. त्येच्या पायावर माळवदाची लाकडं आल्ती. माय, माझा पाय, माय, म्हनून वरडून राहिला. म्या म्हनलं, आलेच रे. तुला भाईर नेऊन ठिवलं. माघारी वळले अन् भिंत आली."

मला वाटलं संपलं.

"लई येळ वरडत व्हता. मातीखालून. म्या हातानं उकरून राहिले, नखं गेली माझी. उजाडलं तवा गप झाला."

गारांत, त्या लग्नाच्या पेटीखाली, तिच्या दंडाला मी दात लावले होते. सोडत नाही, असं ती कुणाला म्हणत होती ते मला इतक्या वर्षांनी, चिखलात बसून कळलं. मला तिला मिठी मारायची होती, पण आमच्या घरात तशी सवय नाही. मी म्हटलं, "एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"समदे म्हनले झोपेत गेला. तुझ्या अण्णाला त्येच्यावर झोप लागायची. कशाला बोलू मी?" तिनं नाक पदरानं पुसलं. मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "म्हन तुझं गानं. पर झोपला म्हनू नको. आलेच म्हनून माय गेली, असं घाल. खरं ते घाल."

मी शब्द बदलले. तिथंच, तिच्यासमोर. दिगू जागा, दिगू जागा, मातीखाली दिगू जागा, आलेच म्हणून माय गेली. चाल तीच ठेवली, तीच अंगाईची, आणि म्हणत होतेही हळूच. दोन ओळी झाल्या असतील, मायनं माझ्या गुडघ्यावर खाडकन चापट मारली.

"हळू कशापायी म्हनून राहिलीस? वरड. त्यो वरडून राहिला व्हता."

मी ओरडले. मनगट दुखेपर्यंत तारा बडवत, आवाज फाटेपर्यंत ओरडले. शेजारच्या शेडांतल्या बायका कामं टाकून धावत आल्या, काय झालं, कोण गेलं म्हणून. माय हातातला चिखल झटकत उठली आणि त्यांना म्हणाली, "माझ्या दिगूचं गानं हाय. बसा, ऐका."